थोरल्यांच्या कडेवर

खाण बंद झाली तेव्हा वस्तीतल्या लोकांना पहिले काही दिवस बरंच वाटलं. सुरुंगाचा धडाका नाही, डोळ्यांत धूळ नाही, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी होते त्याच रंगाचे काढता येत. मग एकेका घरातून पिठाचा डबा खरवडल्याचा आवाज यायला लागला आणि सगळ्यांना ती धूळ आठवायला लागली.

खाण का बंद झाली ते कुणालाच धड माहीत नव्हतं. मुकादमाने वरून हुकूम आलाय एवढं सांगितलं, एक बोट आभाळाकडे केलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. खाणीच्या लोकांसाठी चालणारं स्वस्त धान्याचं दुकानही पाठोपाठ बंद झालं. दुकानदार तसा सज्जन माणूस. जाताना पोती झटकली आणि निघालेलं पीठ दारात आलेल्या बायकांना मूठमूठ वाटून गेला. त्या वर्षी पावसानेही पाठ फिरवली होती, त्यामुळे आसपासच्या शेतांवर कामाला बोलावणारं कुणी नव्हतं.

वस्तीच्या अगदी शेवटी, खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्याला पाठ लावून पहारवाल्याचं घर होतं. सुरुंगासाठी भोकं पाडायची तर पहार ह्यानेच धरावी, असं मुकादमसुद्धा म्हणायचा. घरात तो, त्याची बायको, म्हातारा बाप आणि लहान मुलगी. मुलीला सगळे छकुली म्हणत. नुकती चालायला लागली होती.

या घराची एक खोड सगळ्या वस्तीला ठाऊक होती. कुणी विचारलं, 'काय, बरं आहे ना?' की हे म्हणणार, 'बरं आहे.' म्हाताऱ्याची शिकवणच तशी. विचारणारा आपल्याच कामाने दमून चाललेला असतो, वाटेत माणुसकीने दोन शब्द टाकतो, त्याच्या डोक्यावर आपलं गाठोडं कशाला द्यायचं, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी दगडाखाली त्याचा पाय चेचला तेव्हा लोक त्याला फळीवर घालून नेत होते. वाटेत शाळेचे मास्तर भेटले. काय झालं, बरं आहे ना, असं त्यांनी घाबरून विचारलं, तर पठ्ठ्या फळीवरूनच हात जोडून म्हणाला, 'बरं आहे.' तेव्हापासून वस्तीने त्याचं नावच बरंय आजोबा पाडलं. लोक हसत, पण त्यांना त्या घराचं कौतुकही होतं. आणि खरं सांगायचं तर हसणाऱ्यांच्या घरीही फार वेगळं उत्तर मिळत नसे.

पहारवाला रोज उजाडता ढिगाऱ्यावर जायचा आणि संध्याकाळपर्यंत घणाने दगड फोडून खडी पाडायचा. खडीला गिऱ्हाईक नव्हतं. क्वचित एखादा ट्रकवाला थांबे आणि पाटीभर खडीच्या बदल्यात पिशवीत थोडं पीठ टाकून जाई. बायको ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरपलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरी. घरी आली की त्या पिठात पाणी घालून उकळायची. पीठ तेवढंच राही, पाणी रोज थोडं वाढे. म्हातारा आपल्या वाटीतलं अर्धं छकुलीच्या वाटीत ओतायचा आणि आज भूक मेलीये असं म्हणायचा. सुनेला कळत होतं.

मुलगी आधी वाळत गेली. मांड्यांवरची कातडी लोंबायला लागली, रडून रडून घसा बसला. मग हळूहळू तिचे गाल भरायला लागले. पावलं गुबगुबीत झाली, मनगटाला वळी पडली. रडणंही थांबलं. भिंतीला टेकून बसवली की बसल्या जागी तासन्‌तास बसून राही, ना हट्ट, ना मागणं. केस तेवढे तांबूस आणि विरळ झाले होते, पण केसांकडे कोण बघतं. आईला वाटलं, पोरीने अंग धरलं. शेजारणी दारात येऊन बघून जायच्या आणि आमच्या पोरांनी काय पाप केलंय म्हणायच्या. सगळ्या वस्तीत पोरांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, आणि हिचं मूल तेवढं गोलमटोल. बाई सुखावली होती. पाण्याला जाताना तिची मान ताठ असायची. एवढ्या वाईट दिवसांत तिच्या वाट्याला तेवढंच एक सुख आलं होतं, आणि ते खोटं होतं.

ते खोटं आहे हे दवाखान्याच्या ताईला बघताक्षणी कळलं. ताई आठवड्याला एकदा पायी वस्तीत यायची. तिने छकुलीच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. पावलावर खळगा पडला आणि तसाच राहिला. ताई तो भरून यायची वाट बघत बसली.

"वहिनी, हे अंग नाहीये. सूज आहे," ती म्हणाली. "पोट रिकामं असलं की अशी येते."

बायकोने तिच्या हातून मुलगी ओढूनच घेतली. खायला नाही म्हणून माणूस वाळतं, फुगतं कधी, असं ती म्हणाली. ताईने दुसऱ्या पावलावरही दाबून दाखवलं. मग ती दारातच खाली बसली आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात आजच्या आज न्यायचं, मी बरोबर येते, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. पहारवाला ढिगाऱ्यावरून आला. हातातला घण खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. बायकोने मुकाट्याने छकुलीला चादरीत गुंडाळायला घेतलं.

त्याच वेळी एक चष्मेवाला साहेब गल्लीत शिरला.

आठवडाभर एक गाडी भोंगा लावून वस्तीतून फिरत होती. देशाचे सगळ्यांत मोठे पुढारी, ज्यांना वस्तीत थोरले म्हणत, ते या रस्त्याने जाणार होते आणि जाता जाता वस्तीत थांबणार होते. भोंग्यावर त्यांचंच एक वाक्य त्यांच्याच आवाजात वाजायचं: 'मला तोलायचं असेल तर माझ्या माणसांच्या तब्येतीवर तोला.' आवाज भारदस्त होता. म्हाताऱ्याला वाक्य पटलं होतं. माणूस बरोबर बोलतोय, धन्याची पारख गोठ्यात जाऊनच होते, असं तो म्हणाला होता.

चष्मेवाल्या साहेबावर त्या थांबण्याची जबाबदारी होती. थोरल्यांना कडेवर घ्यायला एक मूल हवं होतं. सकाळपासून तो घरोघर मुलं बघत हिंडत होता आणि प्रत्येक घरातून जास्तच चिंतागती चेहऱ्याने बाहेर पडत होता. चादरीतला गोल चेहरा दिसला तसा त्याने रुमालाने कपाळ पुसलं.

"वा," तो म्हणाला. "रडत नाही ना?"

ताईने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं, तो काही राक्षस नव्हता. घरी त्यालाही मुलं असतील. त्याने चष्मा काढला, पुसला आणि एक गोष्ट सांगितली. थोरल्यांच्या ताफ्यात एक डॉक्टर कायम असतो. देशातला एक नंबरचा. तालुक्याच्या दवाखान्यात तर खाटेखाली झोपवतात. परवा थोरले येतील, हिला कडेवर घेतील, मी स्वतः डॉक्टरांना बोलावतो, त्यांच्याच गाडीतून हिला शहरात नेऊ. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

ताई म्हणाली, दोन दिवस नाहीत. साहेब तिला एवढंच म्हणाला की तिची नोकरी कच्ची आहे, हे तिने विसरू नये. ताई जागची हलली नाही. ती पहारवाल्याकडे बघत राहिली.

पहारवाल्याने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. देशातला एक नंबरचा डॉक्टर. आणि थोरले स्वतः समोर. खाणीचं त्यांच्याच कानावर घालता येईल, दुकानाचं सांगता येईल. एवढी मोठी संधी उभ्या जन्मात कुणाला मिळाली होती. तो म्हणाला, थांबतो.

ते दोन दिवस त्या घराने एखादं कठीण काम अंगावर घ्यावं तसे काढले. साहेबाने पाठवलेल्या माणसांनी समोरची भिंत चुन्याने रंगवली, मागच्या बाजूला हात लावला नाही. मुलीसाठी पिवळं झबलं आलं, बिस्किटांचा पुडा आला. बिस्कीट पाण्यात कालवून आई तिच्या ओठांना लावायची, ते ओठांवरच वाळून जाई. पुडा शेवटी शेजारच्या पोरांनी संपवला. आई तिला मांडीवर घेऊन सारखी माशा वारत होती.

पहारवाला मात्र बोलायची तालीम करत होता. ढिगाऱ्यावर उभा राहून दगडांना सांगायचा. बायकोने त्याला बजावलं होतं, आधी पोरीचं सांगायचं, खाणीचं मग. ती पाण्याला निघाली की तोही एक घागर घेऊन बरोबर जाई आणि वाटेवर म्हणून दाखवी. 'साहेब, माझी मुलगी आजारी आहे. ही सूज आहे. खाण बंद झाल्यापासून घरात खायला नाही.' बायको म्हणायची, एवढं भरभर नको, रडवेला आवाज नको, सरळ सांगा. तो पुन्हा म्हणायचा. एकदा तर तो इतकं नीट म्हणाला की तिने घागर खाली ठेवली आणि डोळे पुसले.

त्या दिवशी सकाळपासून सगळ्यांना उन्हात उभं केलं. पुढच्या रांगेत पहारवाल्याचं घर, मागे बाकीची वस्ती, आणि काटकुळी झालेली पोरं शाळेच्या खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी. म्हाताऱ्याला खुर्ची मिळाली, कारण त्याचा वाकडा पाय उभ्याने दिसत होता. दुपार कलली तरी कुणी येईना. छकुलीची मान आईच्या खांद्यावर सारखी कलंडत होती. ताई मागच्या रांगेतून दोनदा पाणी घेऊन पुढे आली, दोनदा पोलिसाने तिला मागे ढकललं.

मग एकदम गाड्या आल्या. धूळ उडाली, दारं उघडली, बंद झाली. थोरले उतरले. भोंग्यातल्या आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा अंगाने लहान होते, जरा थकलेले. त्यांनी म्हाताऱ्यापुढे वाकून नमस्कार केला. म्हातारा पार विरघळून गेला. चष्मेवाल्याने आईच्या हातातून छकुली घेतली आणि थोरल्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला कडेवर घेतलं, सराईतपणे, एका हाताने पाठ आणि दुसऱ्या हाताने पोटरी धरून. फोटोवाले पुढे सरसावले. छकुली रडली नाही. तिने फक्त डोळे मिटले.

थोरले पहारवाल्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी आस्था होती, हे पहारवाला पुढे कितीदा तरी स्वतःशीच आठवत राहिला.

"काय, बरं आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," पहारवाला म्हणाला.

त्याने ते म्हटलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. दोन दिवस घोकलेली वाक्यं घशाशी तयार उभी होती, आणि त्यांच्या पुढून ते शब्द बाहेर पडले. त्याच्या बापाचे. फळीवर पडून म्हटलेले. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण थोरले बरं वाटलं असं म्हणून, मान हलवून, मुलीला चष्मेवाल्याकडे देऊन वळलेसुद्धा होते.

"अहो, थांबा," बायको ओरडली. "सूज आहे तिला, सूज."

एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या. टाळ्या वाजवायला मागच्या रांगेला आधीच सांगून ठेवलेलं होतं आणि त्यांनी इमानेइतबारे वाजवल्या. तिचा आवाज तिच्या शेजारच्यालाही ऐकू गेला नसेल. चष्मेवाल्याने मूल तिच्या हातात कोंबलं आणि डॉक्टर, डॉक्टर, असं काहीतरी म्हणत तो ताफ्याच्या मागे धावला. देशातला एक नंबरचा डॉक्टर कुठल्या गाडीत होता ते कुणाला कळलं नाही. गाड्या गेल्या. धूळ बराच वेळ हवेत राहिली, खाण चालू असताना राहायची तशी.

ताईने कुणाला काही विचारलं नाही. एक खडीचा ट्रक थांबवला, आई-बापाला वर चढवलं, आणि मुलीला छातीशी धरून स्वतः पुढे बसली. ताफ्यासाठी रस्ता अडवलेला होता, त्यामुळे ट्रकला लांबून जावं लागलं. दवाखान्यात जागा मिळाली, खाटेवर मिळाली, खाटेखाली नाही. डॉक्टर तरुण होता आणि त्याने खूप धावपळ केली. दुसऱ्या दिवशी उजाडताना छकुली गेली. आधी आणायला हवी होती, असं ताई म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती.

त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. बायको पाणी आणायची, पीठ उकळायची, वाटी नवऱ्यापुढे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याने एकदा सुनेची समजूत घालायला सुरुवात केली, की माणसाच्या जिभेला वळण असतं, पोरी. सून उठून बाहेर गेली. म्हातारा तेव्हापासून दारात बसेनासा झाला. कुणी वाटेने चाललं की आत सरकायचा, विचारलं तर काय सांगायचं या धास्तीने.

खाण काही उघडली नाही. पण एक काम आलं. वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, मोठा पत्र्याचा फलक उभा करायचा होता. खांबांसाठी खड्डे खणायचे, जमीन कातळाची, म्हणजे पहार हवी. कामावर देखरेख करणारा माणूस बाहेरचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. कमरेइतके खड्डे घे, म्हणाला, आणि बदल्यात पीठ देतो. पहारवाला गेला. न जाऊन काय करणार होता.

संध्याकाळी फलक आला, कापडात गुंडाळलेला. खाली ठेवून त्यांनी कापड सोडलं. थोरले हसत होते आणि त्यांच्या कडेवर पिवळ्या झबल्यात छकुली होती, खऱ्या छकुलीच्या कितीतरी पट मोठी. वर ते भोंग्यावरचं वाक्य लिहिलेलं. थोरल्यांचा अंगठा तिच्या पोटरीवर होता आणि अंगठ्याशेजारी, आधी जिथे तो टेकला असेल तिथे, एक खळगा दिसत होता. माहीत असलेल्यालाच दिसावा असा. पहारवाल्याच्या हातात पहार होती. एक घाव घातला असता तर पत्रा फाटला असता, आणि त्याने पहार उचललीही.

मागे बायको उभी होती. कापड सोडल्याचं तिला कुणीतरी जाऊन सांगितलं असावं. ती फलकाभोवती फिरली, छकुलीच्या चेहऱ्याजवळ गुडघे टेकून बसली. तिने कधी मुलीचा फोटो काढलेला नव्हता. जगात छकुलीचं चित्र होतं ते हेच.

"हात पोचेल असा लावा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत नवऱ्याशी बोललेली ती पहिलीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत गेला. देखरेख करणारा येईपर्यंत त्याने खड्डे कमरेवरून छातीपर्यंत नेले. खाली निव्वळ कातळ, पहार आदळली की खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. तळहात सोलपटले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरुंगासाठी भोकं पाडली, पण एवढ्या जिवावर उदार होऊन त्याने कधी पहार मारली नव्हती. खांब सोडले, दगड ठोकून पक्के केले, फलक चढवला, तो गवताला टेकेल इतका खाली बसला. लांबून येणाऱ्याला थोरल्यांचं डोकं झुडपांतून डोकावल्यासारखं दिसायचं.

मग बायको रोज पाण्याहून येताना तिथे थांबायला लागली. घागरीतलं ओंजळभर पाणी घेऊन ती छकुलीच्या तोंडावरची धूळ पुसायची, झबलं पुसायची, पोटरीवरचा तो खळगा बोटाने पुन्हा पुन्हा पुसायची. थोरल्यांच्या चेहऱ्याला ती हात लावत नसे. त्यामुळे थोड्याच दिवसांत मुलगी लखलखीत आणि कडेवर घेणारा मातकट, असं ते चित्र झालं.

चष्मेवाला साहेब एकदा त्याच रस्त्याने चालला होता, तो फलक बघून गाडीतून उतरला. पहारवाला शेजारीच खडी फोडत होता, बायको फलकापाशी बसलेली. साहेबाने मान वाकडी करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढा खाली कुणी लावला, किती पुरला, आता उपसून काढायचा तर मशीन आणावं लागेल, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मग त्याने पहारवाल्याला ओळखलं. क्षणभर चपापला. सवयीने हसला.

"काय, बरं आहे ना?"

पहारवाल्याने घण खाली ठेवला. तोंडाशी आलेला शब्द त्याने दातांखाली धरला, गिळला, आणि वाटेवर बायकोने शिकवलं होतं तसं, भरभर नाही, रडवेला आवाज नाही, सरळ सांगितलं.

"बरं नाही, साहेब. तेव्हाही नव्हतं."

साहेब तोवर गाडीकडे वळला होता, कारण या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबायची पद्धत नसते. दार लागलं, गाडी निघून गेली. फलक पुसणारा हात तेवढा थांबला. बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग घागरीतलं ओंजळभर पाणी त्याच्या सोललेल्या हातांवर ओतलं.